आत्याच्या तीन रात्री

दर डिसेंबरात आत्या मिरजेहून कोयनेने येते. पिशवीत जयसिंगपूरचं भडंग, काकांची राखाडी घोंगडी आणि एक शिसपेन्सिल. भडंग माझ्या मुलासाठी, घोंगडी तिच्या गुडघ्यांसाठी आणि पेन्सिल पेपरातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या चौकटीसाठी. पुण्यातल्या या एका आठवड्यासाठी ती वर्षभर पेन्शनीतून पैसे बाजूला ठेवते. चहा उकळेपर्यंत तिच्या खुणा करून झालेल्या असतात.

जिथे जायचंय तिथे ती खूण करते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. गेल्या डिसेंबरात पेपर हातात घेऊन नीट बघितलं. प्रत्येक कार्यक्रमापुढे तिने बारीक अक्षरात एक वेळ लिहिली होती. साडेआठ. नऊ. पावणेदहा.

“हे काय गं, आत्या?”

“कधी सुटेल त्याचा अंदाज. सुरू कधी होणार ते छापतात. संपणार कधी ते बाईमाणसाला आधी बघून ठेवावं लागतं.”

आत्या बहात्तर वर्षांची आहे. नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा परगावी असतो. मिरजेच्या घरात तिची वाट बघत बसलेलं आता कुणी नाही. तरीही पेन्सिल ती वेळ लिहितेच. त्या आठवड्यात मी तिच्याबरोबर जे जे ऐकलं आणि पाहिलं, ते सगळं मला त्या बारीक अक्षरांच्या बाजूने दिसत गेलं.

चौकट तशी गच्च भरलेली होती. कुठे भावगीतांचा कार्यक्रम, कुठे कथक, दोन पुस्तक प्रकाशनं, एकांकिका, कीर्तन, बालगंधर्वच्या कलादालनात जलरंगांचं प्रदर्शन. सोमवारी आम्ही ते प्रदर्शन तेवढं बघून आलो. घाटांची चित्रं होती, बरी होती. आत्याचं खरं लक्ष मंगळवारकडे होतं. मंगळवारी दुपारी बालगंधर्वमध्येच लावणी होती, फक्त महिलांसाठी.

बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं आणि २६ जून १९६८ ला ते खुलं झालं. ते पाहायला बालगंधर्व नव्हते, आदल्याच वर्षी गेले होते. ज्या पुरुषाने नऊवारी, शालू, पदर आणि लाजणं घराघरातल्या बायकांना शिकवलं, त्याच्या नावाच्या थिएटरात त्या दुपारी एकही पुरुष प्रेक्षक नव्हता. पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सगळ्या बायका. बचत गटांच्या बायका एकरंगी साड्या नेसून आलेल्या. एकीने सुनेला आणलेलं, एकीने सासूला. ढोलकीचा पहिला तोडा पडला आणि माझ्या शेजारच्या साठीच्या बाईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मी दचकलेच. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. ती शिट्टी त्यांना लहानपणापासून येत असणार.

पायातले चाळ, हलगीचा कडकडाट, पेटीची लगबग. नाचणाऱ्या बाई बघता बघता रंगमंचावरून खाली उतरल्या, रांगांमधल्या वाटेत आल्या, आणि वाटेत ज्या बायका उठल्या त्या खाली बसल्याच नाहीत. आत्याने गुडघ्यांमुळे बसल्या बसल्याच ठेका धरला होता. मध्यंतरात ती मला म्हणाली, “आमच्या गावाला जत्रेत तमाशा यायचा. फड रात्री दहाला उभा राहायचा, उजाडेपर्यंत चालायचा. आई आतून कडी घालायची आणि आम्ही बहिणी अंथरुणात पडून ढोलकी ऐकायचो. गण झाला, गवळण झाली, आता बतावणी, आता वग लागला, सगळं भिंतीपलीकडून कळायचं. दिसायचं काही नाही.”

“मग पहिल्यांदा बघितलीस कधी?”

“अशीच. बायकांच्या खेळाला. पन्नाशी उलटल्यावर.”

या खेळांची वेळ दुपारची का असते, याचं उत्तर सभागृहातली प्रत्येक बाई देऊ शकेल. साडेबाराला सुरू झालं की चारला सुटतं. संध्याकाळचं दूध, मुलांचे क्लास, कुकर, सगळं सांभाळता येतं. लावणी रात्रीची कला. रात्रीची ती पुरुषांची होती, बायकांना ती मिळाली तेव्हा दुपारची मिळाली. मी याला कमी लेखत नाही. त्या दुपारी सभागृहात जो आनंद होता तो मी इतर कुठे पाहिलेला नाही. आणि समोर नाचणाऱ्या बायकांनी आयुष्यभर इतरांच्या रात्री जागवल्या आहेत, त्यांच्यासाठीही शिट्टी मारणारा हा प्रेक्षक काही वेगळाच असणार. त्यांच्यातल्या एकीने शेवटी मुजरा करताना प्रेक्षकांना नुसता नमस्कार केला नाही, वाकून जमिनीला हात लावला.

बाहेर पडलो तेव्हा मागच्या बाजूला टेम्पो लागला होता. संध्याकाळच्या नाटकाचा सेट उतरत होता. दरवाजाची चौकट, सोफा, खिडकीचा तुकडा, मग दिव्यांच्या पेट्या. थिएटरच्या तारखा सत्रांनी मिळतात. एका सत्राचा खेळ आवरायचा आणि पुढच्या सत्राच्या तिसऱ्या घंटेआधी दुसरं घर उभं करायचं. आत्या कठड्याला टेकून ते सगळं बघत राहिली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच गावात संगीत नाटकाचा संसार मांडला. तेव्हापासून कित्येक वर्षं नाटकं वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायची. आता सेटवाल्याच्या मनगटावरच्या घड्याळात नाटक मावतं. तो पोरगा घामाघूम होऊन सोफा उचलत होता, आणि त्या घाईत खिडकीच्या काचेला मात्र दोन्ही हातांनी जपत होता.

बुधवारपासून सवाई.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याचे गायक, भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर यांचे गुरू. १९५२ च्या सप्टेंबरात ते गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या नावाने हा महोत्सव सुरू केला. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. त्यांचं घर मिरजेत होतं आणि कबरही मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्यात आहे. दरवर्षी उरुसाला तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यामुळे आत्याच्या मते सवाई हा मुळात मिरजेचाच कार्यक्रम आहे, पुण्यात फक्त भरतो. तिच्या घराजवळ सतारमेकरांची गल्ली आहे. शाळेत जाता-येता भोपळे वाळत घातलेले, सतारीच्या वरच्या लाकडी फळीला, तबलीला, रंग दिलेला, तारा चढवून सूर घुमावा म्हणून जवारी लावणं चाललेलं, हे ती रोज पाहायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिने मला फोन केला होता, घरातल्याच कुणाचा सत्कार झाल्यासारखा.

मला पहिल्यांदा सवाईला नेलं ते तिने आणि बाबांनी, १९९४ साली. मी दहा वर्षांची होते. तेव्हा महोत्सव रमणबागेत, शाळेच्या पटांगणावर व्हायचा आणि तीन रात्री चालायचा. बाबा दुपारीच चटई घेऊन जागा धरायला गेले होते. खाली सतरंज्या, वर मांडव, आणि मांडवाच्या कडेने शिरणारी थंडी. दहा वाजेपर्यंत मी तग धरला. मग आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून, याच राखाडी घोंगडीत गुंडाळून झोपले.

रात्री कधीतरी जाग आली. किती वाजले होते माहीत नाही. कुणीतरी फार संथ, फार खालच्या सुरात गात होतं. मी खालून आत्याचा चेहरा पाहिला, आणि मग तिचे हात. ते नुसतेच होते. एक माझ्या कपाळावर, एक तिच्या गुडघ्यावर. आत्याचे हात मी त्याआधी कधी रिकामे पाहिले नव्हते. शेंगा सोलताना, वह्या तपासताना, कुणाची तरी वेणी घालताना, उसवलेलं शिवतानाच पाहिलेले. आजूबाजूला तिच्यासारख्याच बायका होत्या. साडीवर स्वेटर, डोक्याला मफलर, पुढ्यात थर्मास. कुणी डोळे मिटलेले, कुणी उघडे. मध्यरात्र उलटलेली, आणि शहराच्या मधोमध, उघड्यावर, एवढ्या बायका. कुणीही कुणाची वाट बघत नव्हतं आणि कुणीही त्यांना घरी बोलवत नव्हतं.

हे किती मोठं होतं ते कळायला मला स्वतःच्या संसाराची पंधरा वर्षं लागली.

आत्याला रात्रीच्या सिनेमाला जाता येत नव्हतं. मैत्रिणीकडे मुक्कामाला जाणं अवघड होतं. शाळेची सहल असली तरी सासऱ्यांना चार वेळा सांगावं लागे. पण ‘पुण्याला गाण्याला जाते’ म्हटलं की घरात कुणी अडवत नसे. गाणं म्हणजे देवाच्या जवळचं काहीतरी, असं सासरे मानत. मिरजेत तसं मानलंच जातं. वर्षातल्या तीनशे पासष्ट रात्रींपैकी तीन तिच्या होत्या.

आणि हा मान गाण्याला आपोआप मिळालेला नव्हता, तो काही बायकांनी मिळवून दिला होता. हिराबाई बडोदेकर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, जन्म १९०५ चा, मिरजेचा. गाणारी बाई म्हटलं की लोक नाकं मुरडत, त्या काळात त्या तिकीट लावून जाहीर मैफली करायला बसल्या. अंगभर पदर, शांत मुद्रा, सुरेल गाणं. त्यांच्या मैफलीला गृहस्थ आपल्या बायकोला, आईला घेऊन जाऊ लागले. बाई प्रतिष्ठेने गायला बसली, म्हणून दुसरी बाई ऐकायला बसू शकली. आत्याच्या तीन रात्रींचा हिशेब मी असा हिराबाईंपर्यंत नेते.

आता महोत्सव पाच दिवसांचा आहे. रमणबाग सुटली, २०१८ पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. जागा ऐसपैस आहे, मोठे पडदे आहेत, खुर्च्या आहेत. गुडघ्यांमुळे आत्या आता खुर्चीवर बसते आणि भारतीय बैठकीतल्या लोकांकडे जरा हेव्याने बघते. दुपारी तीन-चारला सुरू होतं आणि रात्री दहाला थांबतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. सवाईला ती शनिवारी मिळते.

हा नियम योग्य आहे. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात खिडकीखाली रात्री साडेअकरापर्यंत डीजेच्या स्पीकरांच्या भिंती दणाणत होत्या, तेव्हा मीच रडत पोलिसांना फोन केला होता. ज्या नियमाने त्या भिंती थांबवायच्या, तो तंबोऱ्याला वेगळा आणि डीजेला वेगळा असू शकत नाही, हे मला पटतं. तरीही गेलं ते गेलंच, आणि नेमकं काय गेलं ते सांगायला हवं.

गुरुवारी आम्ही साडेचारला पोहोचलो. मुलतानी राग चालू होता. साडेसहाच्या सुमाराला मारवा लागला, बाहेर खरोखरच दिवस मावळत होता, आणि पंचम, म्हणजे ‘प’, नसलेल्या त्या रागात षड्जावर, ‘सा’वर, टेकायला मिळेपर्यंत जीव टांगणीला लागत होता. मग यमन, मग बागेश्री. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मध्यमाला, म्हणजे ‘म’ला, अध्वदर्शक स्वर म्हटलं आहे, वाट दाखवणारा. दिवस मावळताना तीव्र मध्यम पुढे येतो, पहाटेकडे शुद्ध मध्यम. चार ते दहाच्या वेळात आपण त्या वाटेवर फार तर अर्ध्यापर्यंत जातो. मध्यरात्रीनंतरचा दरबारी, उत्तररात्रीचा अडाणा, पहाटेचा ललत, मग भटियार, मग उन्हाबरोबर तोडी, ही पुढची सगळी वाट अंधारात राहते. आजच्या बहुतेक तरुण श्रोत्यांनी सवाईच्या मांडवात पहाटेचा ललत पहाटे ऐकलेला नाही. रेकॉर्डिंग आहेत, मोबाईलवर भर दुपारी लावता येतात. पण अख्खी रात्र अंगावर घेतल्यानंतर, डोळे चुरचुरत असताना, शेजारच्या अनोळखी बाईने थर्मासमधला अर्धा कप पुढे केलेला असताना कानावर येणारा ललत रेकॉर्डिंगमध्ये नसतो.

“ललतातही पंचम नाही,” आत्या म्हणाली. ती गाणं शिकलेली नाही, ऐकून ऐकून बोलते. “पण मारव्यासारखा जीव घाबरा होत नाही. दोन्ही मध्यम हाताला धरून नेतात. आणि पुढे उजाडणार असतं.”

शुक्रवारी सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ या महोत्सवाच्याच माहितीपटांच्या कार्यक्रमात एक माहितीपट पाहिला, संध्याकाळी पुन्हा मुकुंदनगर. त्या दिवशीचं फारसं आठवत नाही, सर्दी झाली होती.

शनिवारी मात्र दहा वाजले आणि कुणीही उठलं नाही. साडेदहा झाले. आत्या खुर्चीत सरळ झाली, घोंगडी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. मालकंस सुरू होता. तिचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. वयस्कर माणसं रात्री थकतात म्हणतात, तिचं उलटं होत होतं. मध्ये एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, “आता कुठे बसलाय सूर.” आणि बाराच्या ठोक्याला संपलं. टाळ्या झाल्या, दिवे लागले.

फाटकाबाहेर रिक्षांसाठी गर्दी होती. तिथे थांबलेल्यांत साठी-सत्तरीच्या किती बायका होत्या. प्रत्येकीच्या कानाला फोन. “हो, सुटलं.” “नाही, एकटी नाही.” “मिळते आहे रिक्षा.” “तू झोप, माझ्याकडे किल्ली आहे.” आत्या हे ऐकत उभी होती. तिला कुणाचा फोन येणार नव्हता.

“रमणबागेत बरं होतं,” ती म्हणाली. “रात्री परत जायचंच नसायचं. उजाडलं की पहिली बस.”

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. रात्रभर चालणारी मैफल बाईला सोयीची असते आणि बाराला संपणारी नसते. सकाळी सहाला बाई बिनधास्त घरी जाऊ शकते. रात्री बाराला तिला सोबत लागते, फोन लागतो, अंदाज लागतो, पेन्सिल लागते. दहाला संपणाऱ्या मैफलीने आत्याला पुन्हा त्या चौकटीत वेळ लिहायला बसवलं.

बंद सभागृहांना हा नियम लागू नाही. एवढ्या हजारो श्रोत्यांचा महोत्सव सभागृहात मावणार नाही, ते मागणंही नाही. पण वर्षातून एक रात्र, एखादं हजारभर खुर्च्यांचं सभागृह, रात्री दहा ते सकाळी सात, तीन गायक आणि एक वादक, बाहेर चहाची किटली आणि स्वच्छ स्वच्छतागृह, एवढं या शहराला जमायला हवं. मला ते मनापासून हवं आहे. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला मांडीवर घेऊन बसायचे दिवस गेले, पण माझ्या शेजारी बसून ती उजाडताना ललत ऐकू शकते.

रविवारी दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत बसलो. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, तशी लावली. भैरवी सकाळची, आणि मैफलीचा शेवट भैरवीने. मैफली सकाळी संपत तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळून येत. आता भैरवी होते आणि बाहेर काळोख असतो. खरखरीतून येणारा तो बारीक, टोकदार आवाज संपेपर्यंत आत्याने हात जोडलेले होते.

सोमवारी पहाटे तिला स्वारगेटहून सहाची एसटी होती. रिक्षावाले दादा ओळखीचे. निघताना आत्या म्हणाली, “जरा रमणबागेवरून घेता?” वाट वाकडी होती, तरी त्यांनी घेतली. साडेपाचला शाळेचं फाटक बंद होतं, आत एक दिवा, पटांगण रिकामं. कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर दुधाच्या पिशव्या मोजत एक माणूस बसला होता. आत्या उतरली, फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. पूर्वेकडे अजून काही नव्हतं, नुसता अंधार जरा पातळ झाला होता. ती काहीतरी गुणगुणत होती. मी जवळ गेले नाही, त्यामुळे ललत होता की नाही, सांगता येणार नाही.

मग ती परत येऊन बसली, घोंगडी नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “चला दादा, गाडी चुकायची.”